लहरी वारा आणि चौदोरी पतंग

‘पत्’ या संस्कृत धातूला उडणें आणि पडणें असे दोन्ही अर्थ आहेत. ‘पतंग’ हा शब्द त्याच धातूपासून निघालेला. तो पक्ष्यास लागतो, किड्यास लागतो आणि सूर्यासही लागतो. उडणें आणि पडणें हीं एकाच धातूच्या घरांत कशीं नांदतात, हें कोडें वर्गांतील मुलांना पडे, तेव्हां आम्ही त्यांस संक्रांतीची आठवण करून देत असूं. गच्चीवर पांच मिनिटें पतंग उडविलेल्या मुलास या व्युत्पत्तीचें निराळें स्पष्टीकरण लागत नाहीं.

हें आतां आठवावयास कारण झालें तें एका पत्राचें. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडील सिअ‍ॅटल शहराजवळ राहणाऱ्या एका वाचक-भगिनींनीं आमच्याकडे एका गृहकलहाचा निवाडा मागितला आहे. कलह गोड आहे; परंतु त्यांत पैसाही गुंतलेला आहे आणि घरांतील तीन पिढ्याही गुंतलेल्या आहेत. त्यांच्या चिरंजीवांस बारावें वर्ष चालू आहे व त्यांस चार दोऱ्यांचा, म्हणजे दोन्ही हातांनीं चालवावयाचा पतंग हवा आहे. दुकानांत एकाच आकाराचे तीन पतंग दाखविण्यांत आले. पहिल्याचें शीड सबंध कापडाचें, दुसऱ्याच्या शिडाचा कांहीं भाग जाळीचा, आणि तिसऱ्याचा बराचसा भाग जाळीचा. यजमानांचें म्हणणें असें कीं, सबंध कापडाचा घ्यावा, म्हणजे वारा मंद असला तरी उडेल आणि पैसे वायां जाणार नाहींत. मामंजी मुंबईहून सहा महिन्यांकरितां तिकडे गेलेले आहेत. त्यांचें लहानपण गिरगांवांतील गच्च्यांवर गेलें. त्यांचें म्हणणें असें कीं, घराजवळच्या मैदानावरील वारा बेताचा असला तरी फार लहरी आहे. तेव्हां सर्वांत जास्त जाळीचा घ्यावा. पैसे तर एकाच पतंगापुरते काढून ठेवलेले. ‘दोघांपैकीं कोणाचेंही मन न दुखवितां काय घ्यावें तें कळवा,’ असें भगिनी लिहितात.

मनें राखण्याची विद्या आम्हांस फारशी साधलेली नाहीं. परंतु या प्रश्नाचा निकाल वाऱ्याच्या गणितानें लागण्यासारखा आहे, आणि तो लावला असतां दोघांच्याही बोलण्यांतील खरा भाग हातीं लागतो. शिवाय आमच्या वाचकांपैकीं अनेकांचीं मुलें-नातवंडें परदेशीं आहेत, आणि हा खेळ तिकडून इकडेही हळूहळू येत आहे. म्हणून या महिन्याचें सदर आम्ही या पतंगासच देतों.

आपल्या नेहमींच्या पतंगास एकच दोरा असतो. ढील दिली कीं तो गरगर फिरूं लागतो, आणि खेंचला कीं ज्या दिशेस त्याचें तोंड असेल त्या दिशेस धांवतो. म्हणजे दिशा त्याची, वेळ साधण्याचें कसब आपलें. दोन दोऱ्या लावल्या म्हणजे पतंगास बैलगाडीच्या कासऱ्याप्रमाणें डावें-उजवें वळवितां येतें. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकन आरमाराच्या गोलंदाजांस नेम धरण्याचा सराव व्हावा म्हणून पॉल गार्बर यांनीं असा दोन दोऱ्यांचा पतंग तयार केला होता. पुढें १९७० नंतरच्या दशकांत इंग्लंडांत पीटर पॉवेल यांच्या पतंगानें तो खेळ घरोघरीं नेला. परंतु दोन दोऱ्यांच्या पतंगांत एक उणीव राहते. तो वळतो, पण त्याला मागें हटतां येत नाहीं व मध्येंच उभेंही राहतां येत नाहीं. जोराचा वारा आला कीं तो जोरानें पुढेंच जाणार.

चौदोरी पतंगानें ही उणीव भरून काढली. प्रत्येक हातांत वीतभराहून थोडी लांब, किंचित् बांक असलेली मूठ असते. मुठीच्या वरच्या टोकापासून एक दोरी निघते, खालच्या टोकापासून दुसरी. वरच्या दोन दोऱ्या पतंगाच्या माथ्याकडील कन्नीस जातात. खालच्या दोन त्याच्या दोन पायांस. दोन्ही मुठींचीं वरचीं टोकें आपल्याकडे ओढलीं कीं पतंग पुढें जातो. खालचीं टोकें ओढलीं कीं तो मागें सरतो. एक मूठ पुढची व एक मागची केली कीं जागच्या जागीं भोंवऱ्यासारखा फिरतो. आणि दोहोंचा तोल नीट साधला कीं जमिनीपासून हातभर उंचीवर, तोंड वर असो, खालीं असो वा आडवें असो, तो हालचाल न करितां उभा राहतो. मागें हटण्याची व थांबण्याची ही शक्ति हेंच या जातीचें वैशिष्ट्य. वाऱ्याच्या लहरीपणाचा विचार करितांना तें विसरतां कामा नये.

ही कल्पना मुळांत किती जुनी आहे तेंही ऐकण्यासारखें आहे. पुढें १९०३ सालीं विमान उडविणाऱ्या राइट बंधूंपैकीं विल्बर यानें १८९९ च्या उन्हाळ्यांत अमेरिकेंतील डेटन या आपल्या गांवीं सुमारें पांच फूट पंखांचा एक दुमजली पतंग उडविला. त्याच्या दोन्ही हातांत एकेक काठी होती आणि प्रत्येक काठीच्या दोन्ही टोकांस एकेक दोरी. पंखांस पीळ देऊन तोल सांभाळतां येतो किंवा नाहीं, एवढेंच त्यास पाहावयाचें होतें. तें पाहून झालें व पतंग मागें पडला. खेळासाठीं चार दोऱ्या पुन्हां हातीं घेतल्या त्या १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस, कॅलिफोर्नियांतील सॅन डिएगो येथील हॅडझिकी बंधूंनीं. त्यांनीं आपल्या पतंगास ‘रेव्होल्यूशन’ असें नांव दिलें. आज या जातीचे पतंग इतर कारागीरही करितात. घडण मात्र मुख्यतः तीच. माथ्यावर एक लांब आडवी काठी, तिच्यापासून खालीं येणाऱ्या दोन उभ्या काठ्या, आणि मध्यें फुलपांखराच्या पंखांप्रमाणें ताणलेलें शीड. मध्यम आकाराचा पतंग रुंदीला सुमारें पावणेआठ फूट आणि उंचीला अडीच फुटांहून किंचित् अधिक भरतो.

आतां वाऱ्याकडे वळूं. ब्रिटिश आरमारांतील फ्रान्सिस ब्यूफर्ट या अधिकाऱ्यानें १८०५ सालीं वाऱ्याच्या जोराची एक मोजपट्टी ठरविली. ती कालांतरानें सुधारली गेली आणि आजही जगभर चालते. तिची सोय अशी कीं, हातांत यंत्र नसलें तरी झाडांकडे पाहून वारा मोजतां येतो. पानें आणि बारीक डहाळ्या एकसारख्या हालत असल्या व हलकें निशाण फडफडत असलें, तर वारा ताशीं १२ ते १९ किलोमीटर समजावा. धूळ व सुटे कागद उडूं लागले आणि लहान फांद्या हालूं लागल्या, तर २० ते २८. पालवी आलेलीं लहान झाडें बुंध्यासकट डोलूं लागलीं, तर २९ ते ३८. यांतील मधला, धूळ उडविणारा वारा तो मध्यम वारा होय.

परंतु हे आंकडे सरासरीचे आहेत, आणि लहरी वाऱ्यांत सरासरीसारखी फसवी वस्तु नाहीं. सरासरी ताशीं २० किलोमीटर असलेला वारा क्षणांत १० वर उतरतो आणि क्षणांत ३० वर चढतो. कोणी म्हणेल, दहाचा फरक इकडे आणि दहाचा तिकडे. त्यांत विशेष काय? विशेष हें कीं, वाऱ्याचा दाब वेगाच्या प्रमाणांत वाढत नसून वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. वेग दुप्पट तर दाब चौपट. वेग तिप्पट तर दाब नऊपट. ताशीं १० किलोमीटर वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरास सुमारें अर्धा किलो येतो. २० ला तो जवळजवळ दोन किलो होतो, आणि ३० ला सव्वाचार किलो. शिवाय पतंग स्वतः वेगानें धांवत असला म्हणजे त्याचा स्वतःचा वेग वाऱ्यांत मिळतो आणि ओढ याहूनही वाढते. ज्या मैदानावर झाडांची पानें पाहून ‘वारा बेताचा आहे’ असें आपण म्हणतों, तेथेंच पतंग एका क्षणीं हातांत लोळत असतो व दुसऱ्या क्षणीं खांदा ओढीत असतो, याचें कारण हा वर्ग होय.

वारा लहरी कां होतो, तेंही जागा निवडतांना माहीत असावें. पाण्यावरून सरळ येणाऱ्या वाऱ्यास अडथळा नसतो. म्हणून समुद्राकडून येणारा वारा बहुधा एकसारखा असतो. तोच वारा झाडांवरून, घरांवरून किंवा टेकडीवरून आला कीं पलीकडे भोंवरे पडतात. अडथळा जेवढा उंच, त्याच्या निदान सात ते दहापट अंतरापर्यंत हा गोंधळ चालतो, असें धरून चालावें. म्हणजे पन्नास फूट उंच झाडांच्या आड साडेतीनशे ते पांचशे फुटांपर्यंत वारा मळलेला समजावा. आणि भर दुपारीं जमीन तापली म्हणजे गरम हवेचे लोट वर चढतात व त्यांच्या जागीं थंड हवा धांवत येते. त्यामुळें अंतर्भागांतील मैदानांवर दुपारचा वारा सकाळच्यापेक्षां अधिक धक्के देतो. कोंकणांत हें सहज पाहावयास मिळतें. दुपारीं समुद्राकडून येणारा वारा आणि पहांटे सुरूच्या बनांतून बाहेर पडणारा वारा यांची जात एक नसते.

भगिनींच्या घराजवळचें मैदान झाडांनीं वेढलेलें आहे, असें त्या लिहितात. तेव्हां मामंजींनीं वाऱ्याचें केलेलें निदान बरोबर आहे. सुटीच्या दिवशीं मंडळी मोटारीनें वॉशिंग्टन राज्याच्या किनाऱ्यावर लाँग बीच येथें जातात. तो किनारा पतंगांकरितां प्रसिद्धच आहे. तेथें पतंगांचें एक संग्रहालय असून दर वर्षीं ऑगस्टांत मोठा पतंगोत्सव भरतो. म्हणजे एकाच पतंगानें दोन प्रकारच्या वाऱ्यांशीं जमवून घ्यावयाचें आहे: घराजवळ धक्के देणारा, आणि समुद्रावर सरळ पण कधीं कधीं जोराचा.

आतां तीन शिडांचा विचार. सबंध कापडाचें शीड मंद वाऱ्याकरितां. ताशीं पांच-सहा किलोमीटर वाऱ्यांतही कसलेला हात तें उडवितो. वीसच्या पुढें मात्र तें अनावर होऊं लागतें. थोड्या जाळीचें शीड ठोकळमानानें १२ पासून ३२ पर्यंत चालतें. पुष्कळ जाळीचें शीड चोविसाच्या पुढें खुलतें आणि पंचेचाळीस-अठ्ठेचाळिसापर्यंतही हातांत राहतें. हे आंकडे कारागिरागणिक व उडविणाऱ्याच्या हाताप्रमाणें थोडे मागेंपुढें होतील, परंतु क्रम बदलणार नाहीं. जाळी असते ती बहुधा माथ्याच्या काठीजवळ. तिच्यांतून कांहीं हवा आरपार निघून जाते. त्यामुळें ओढ कमी होते आणि पतंगाचा वेगही आंवरला जातो. झोत आला कीं त्याचा धक्का शिडांत सांठत नाहीं. म्हणून सरासरी वारा पाहतां सबंध शीड चालण्यासारखें असलें, तरी धक्के असतील त्या दिवशीं अनुभवी मंडळी थोड्या जाळीचें शीड बाहेर काढतात.

येथें यजमानांचा आक्षेप पुढें येतो. वारा मंदावला तर जाळीचा पतंग खालीं बसणार नाहीं काय? आक्षेप योग्य आहे, आणि त्याचें उत्तर पुन्हां त्या वर्गांत आहे. वारा ताशीं १० वर उतरला असतां उडविणारा माणूस नेहमींच्या चालीनें, म्हणजे ताशीं पांच किलोमीटर वेगानें, मागें मागें चालूं लागला, तर पतंगास पंधराचा वारा मिळतो आणि दाब सव्वादोन पट होतो. उलट झोत ३० चा आला असतां तोच माणूस पतंगाकडे त्याच वेगानें चालत गेला, तर पतंगास २५ चा वारा मिळतो आणि दाब तीन-दशांशानेंच कमी होतो. म्हणजे मंद वाऱ्यावर पायांचा उपाय पुष्कळ चालतो, झोतावर थोडाच. यावरून एक नियम सरळ निघतो. शीड निवडावें तें झोत पाहून. मंदावलेल्या वाऱ्यास पाय पाहून घेतील. सरासरी पाहून कोणीच निवडूं नये.

मग मामंजींच्या म्हणण्याप्रमाणें पुष्कळ जाळीचेंच शीड कां नको? कारण पायांच्या उपायासही मर्यादा आहे. दहाच्या वाऱ्यांत मागें चालून पंधरा मिळतात. पुष्कळ जाळीच्या शिडास चोवीस लागतात. तें शीड त्या मैदानावर अर्धा वेळ जमिनीवर पडून राहील. त्याहून वाईट म्हणजे, वारा अपुरा असतां पतंग आधीं आपली मागें हटण्याची व थांबण्याची शक्ति गमावतो. आणि तीच तर या जातीची खरी विद्या. मुलगा चार दिवस पतंग उचलून उभा करण्यांत घालवील आणि पांचव्या दिवशीं पतंग माळ्यावर जाईल. तेव्हां मधला पतंग, थोड्या जाळीचा, हाच त्या घराचा पतंग. मामंजींनीं वारा बरोबर ओळखला आणि यजमानांनीं पैसे वायां कसे जातात तें बरोबर ओळखलें. दोघांची बेरीज करून येणारें उत्तर हें आहे.

या निवडीस आणखी एक कारण आहे, आणि तें आमच्या मतें सर्वांत मोठें. पतंग एक असला तरी तो उडविणारे हात तीन-चार आहेत. ऐंशी किलो वजनाच्या यजमानांस जी ओढ गंमतीची वाटते, ती बारा वर्षांच्या मुलास चार पावलें फरपटत नेऊं शकते, आणि साठी उलटलेल्या गृहस्थांच्या खांद्यास ती महिनाभर आठवण ठेवील अशी असूं शकते. एकत्र राहणाऱ्या घरांत वस्तु घेतांना आपण नेहमीं सर्वांत बळकट माणसाकडे पाहून घेतों, आणि मग इतरांनीं ती जपून वापरावी अशी अपेक्षा करितों. पतंगाच्या बाबतींत क्रम उलटा ठेवावा. सर्वांत मोठा झोत आणि सर्वांत लहान हात, हीं दोन मापें दुकानांत बरोबर न्यावींत.

शीड ठरलें म्हणजे सांगाडा. माथ्याची आडवी काठी व दोन उभ्या काठ्या कार्बन तंतूंच्या पोकळ नळ्या असतात आणि त्या कमी-अधिक थरांच्या मिळतात. दोन थरांची नळी हलकी. मंद वाऱ्यांत उत्तम, परंतु झोत आला कीं धनुष्यासारखी वांकते, शिडाचा आकार बिघडतो आणि नेमक्या गरजेच्या वेळीं पतंग ऐकेनासा होतो. चार थरांची नळी ताठ, पण जड. मध्यम व लहरी वाऱ्याकरितां तीन थरांची नळी बहुतेकांस पुरते. वारा वरच्या बाजूस झुकत असेल तर चार थरांची. पतंगाबरोबरच एक जास्तीची नळी घेऊन ठेवावी. नाकावर आपटून माथ्याची नळी मोडणें हा या खेळांतील सर्वांत सामान्य अपघात आहे, आणि रविवारच्या दुपारीं दुकान मिळत नाहीं.

दोऱ्या हा निम्मा पतंग आहे असें म्हटलें तरी चालेल. यास नायलॉनची दोरी चालत नाहीं, कारण ती ताणली जाते. आपण मूठ हलविली तरी ती बातमी पतंगापर्यंत उशिरां पोंचते. डायनीमा किंवा स्पेक्ट्रा या नांवानें मिळणारी दोरी घ्यावी. ती जवळजवळ ताणत नाहीं आणि इतकी गुळगुळीत असते कीं, पतंगानें दोन-चार गिरक्या घेऊन दोऱ्यांस पीळ पडला तरी चारही दोऱ्या एकमेकींवरून सरकत राहतात. मध्यम वाऱ्यास ९० पौंड, म्हणजे सुमारें ४० किलो ताण सोसणारी दोरी पुरे. पुढें जोराच्या वाऱ्यांत उडवावयाचें ठरलें तर १५० पौंडांची घ्यावी. लांबी ८० ते १२० फूट. नवशिक्यानें ८० फुटांजवळची घ्यावी. मैदान लहान असलें तर तीच सोयीची. मात्र चारही दोऱ्या अगदीं सारख्या लांबीच्या पाहिजेत. एक दोरी इंचभर कमी असली तरी पतंग एका अंगास कलतो, आणि बिचारा मुलगा दोष आपल्या हातास देत राहतो. चार दोऱ्यांचीं टोकें एका खुंटीस अडकवून दुसऱ्या बाजूनें एकत्र ताणून पाहावें; दोन मिनिटांचें काम आहे.

मुठीच्या वरच्या टोकास जी आखूड दोरी असते तिला गांठी मारलेल्या असतात. वरची दोरी जवळच्या गांठीवर लावली कीं पतंग पुढें धांवण्यास उत्सुक होतो. दूरच्या गांठीवर लावली, म्हणजे वरच्या दोऱ्या किंचित् लांब केल्या, कीं खालच्या दोऱ्यांची पकड वाढते, पतंग थांबण्यास व मागें सरण्यास राजी होतो. लहरी वाऱ्यांत एक-दोन गांठी दूर लावून आरंभ करावा. पतंग जमिनीवरून मुळींच उठेना, तर एक गांठ परत जवळ घ्यावी. मोजक्या खर्चांत होणारी एवढी मोठी सुधारणा या खेळांत दुसरी नाहीं.

झोत आला असतां काय करावें, तेंही मुलास आधींच सांगून ठेवावें. कारण त्या क्षणीं सांगावयास वेळ नसतो. नवशिक्याचा हात धाक वाटला कीं दोन्ही मुठी छातीशीं ओढतो, आणि त्यामुळें ओढ वाढते. त्याऐवजीं हात पुढें सोडावे आणि पतंगाकडे दोन-चार पावलें चालावें. पतंग आपल्या समोर अगदीं मधोमध असतो तेव्हां ओढ सर्वांत अधिक. तो डाव्या किंवा उजव्या कडेस नेला, अथवा डोक्याच्या वर चढविला, कीं ओढ निम्म्याहून कमी होते. तरीही भीति वाटली तर मुठी सरळ सोडून देऊं नयेत, कारण सुटलेला पतंग दोऱ्यांसह दुसऱ्याच्या अंगावर जातो. दोन्ही मुठींचीं खालचीं टोकें आपल्याकडे ओढून पतंग मागल्या पावलीं जमिनीस टेकवावा. विश्रांति घ्यावयाची असेल तेव्हां जमिनींत एक खुंटी मारून मुठी तिला अशा अडकवाव्या कीं खालच्या दोऱ्या ताठ व वरच्या सैल राहतील. म्हणजे तो आपोआप उठणार नाहीं.

आतां धोक्याविषयीं, कारण घरांतील वडीलमाणसांस पतंग म्हटला कीं हल्लीं मांजा आठवतो, आणि तें योग्यच आहे. कृत्रिम धाग्याच्या मांज्यानें माणसांचे गळे व पक्ष्यांचे पंख कापले गेल्यामुळें राष्ट्रीय हरित लवादानें २०१७ सालीं त्यावर देशभर बंदी घातली. चौदोरी पतंगास मांजा लागत नाहीं. यांत काटाकाटी नाहीं. परंतु म्हणून याची दोरी निरुपद्रवी समजूं नये. ताणलेली, बारीक व गुळगुळीत दोरी बोटास गुंडाळली गेली तर कातडें कापते. उडत असलेल्या पतंगाची दोरी हातानें धरूं नये, आणि दोऱ्यांच्या टापूंत, म्हणजे दोरीची लांबी व आणखी थोडी एवढ्या अर्धवर्तुळांत, कोणाही माणसास व कुत्र्यास येऊं देऊं नये. पतंग हलका असला तरी झोतांत खालीं येतांना त्याची माथ्याची काठी भाल्यासारखी येते. मांज्याचे पतंग उडत असतील तेथें हा पतंग नेऊंच नये. ही दोरी ताण सोसते, पण घर्षणाची उष्णता सोसत नाहीं, आणि दुसरी दोरी तिच्यावर घांसली कीं क्षणांत तुटते. विजेच्या तारा, रस्ता, विमानतळ आणि ढगांचा गडगडाट यांच्यापासून दूर राहावें, हें तर साऱ्याच पतंगांस लागू आहे.

खर्चाविषयीं भगिनींनीं स्पष्ट विचारलें नाहीं, पण पत्राच्या ओळींमधून तो दिसतो. चांगल्या कारागिराचा असा एक पतंग शेंकडों डॉलरांत जातो, आणि तिन्ही शिडें घेणाऱ्यांची तिकडे वाण नाहीं. आमचा सल्ला असा: प्रथम थोड्या जाळीचा एक पतंग, तीन थरांच्या नळ्या, ८० फुटांच्या दोऱ्यांचा एक संच आणि एक जास्तीची नळी, एवढेंच घ्यावें. वापरलेला पतंग ओळखीच्या माणसाकडून मिळाला तर अवश्य पाहावा. मात्र शीड उजेडासमोर धरून टोंचे व उसवलेली शिवण तपासावी, आणि प्रत्येक नळी बोटांनीं चांचपून तडा पाहावा. वर्षभर तो पतंग खरोखर उडविला गेला, तर दुसरें शीड कोणतें घ्यावें हें मैदान आपोआप सांगेल. मंद वाऱ्याचे दिवस अधिक गेले असतील तर यजमानांचें सबंध कापड. सोसाट्याचे अधिक गेले असतील तर मामंजींची जाळी. वहींत रविवारचा वारा लिहून ठेवण्याचें काम चिरंजीवांकडे द्यावें. ब्यूफर्टनेंही आपली मोजपट्टी आधीं स्वतःच्या रोजनिशीसाठींच ठरविली होती.

शेवटीं एक गोष्ट मोठ्यांसाठीं. पतंग हातीं आला कीं प्रथम त्यास गिरक्या मारावयास लावण्याची घाई मुलांपेक्षां वडिलांनाच फार होते, आणि पहिली नळी बहुधा त्यांच्याच हातून मोडते. पहिला दिवस गिरक्यांस देऊं नये. वाऱ्याकडे पाठ करून उभें राहावें, पतंग हातभर वर उचलावा, आणि दहा अंक मोजून होईपर्यंत तो तेथेंच धरून ठेवावा. मग जमिनीवर टेकवून मूठ पुढच्या माणसाच्या हातीं द्यावी. मुलगा, त्याची आई, त्याचे वडील आणि आजोबा असा क्रम ठेवावा. लहरी वाऱ्यांत दहा अंक मोजणें दिसतें तेवढें सोपें नाहीं. पहिल्या दिवशीं पांचापर्यंत गेलें तरी पुष्कळ झालें.